तिसऱ्या दिवसाचा फोन: कापल्यानंतर लॉन पिवळं पडतं तेव्हा काय तपासायचं

गवत कापून, कडा छाटून, वाटेवरचा कचरा झाडून आपण निघतो तेव्हा लॉन छानच दिसत असतं. फोन तिसऱ्या दिवशी येतो. "अहो, तुमची माणसं येऊन गेली आणि आमचं लॉन जळालं की!"

एका मशीनवर एकटा काम करत होतो तेव्हा असा फोन हंगामात एखादाच यायचा. दोन टोळ्या झाल्या, मशीनं वाढली, आणि फोनही वाढले. गवत तेच होतं, जमीन तीच होती. बदललं होतं ते आमचं काम. पण हे कळायला मला दोन हंगाम लागले, कारण दर वेळी मी आधी गवताकडे बोट दाखवायचो. ऊन फार आहे, पाणी कमी पडतंय, बुरशी आली असेल. एकदोनदा तर पैसे खर्चून बुरशीचं औषधही मारून घेतलं. दोष निघाला बोथट ब्लेडचा.

आता असा फोन आला की ठरलेल्या क्रमानं तपासतो. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी. हा क्रम पैसे वाचवायला आहे, तसाच तो शक्यतेचाही आहे. कापल्यानंतर दोन-चार दिवसांत दिसणारा बिघाड बहुतेक वेळा कापण्यातूनच आलेला असतो.

आधी लक्षणं

फोनवर वाद घालू नका आणि अंदाजही सांगू नका. दोन फोटो मागवा. एक उभं राहून, पूर्ण लॉन दिसेल असा. दुसरा अगदी जवळून, चार-पाच पात्यांची टोकं स्पष्ट दिसतील असा. या दोन फोटोंतच अर्धा तपास होतो, कारण कुठला भाग पिवळा पडला यापेक्षा पिवळेपणाचा आकार जास्त बोलतो.

सगळ्या लॉनवर सारखीच राखाडी-पांढुरकी झाक आली असेल, लांबून धुळकट वाटत असेल, तर ब्लेड.

उंचवट्यांवर, कडेला किंवा वळणावर तपकिरी चट्टे असतील आणि खोलगट भाग हिरवाच असेल, तर कापणीची उंची किंवा डेक, म्हणजे ब्लेडवरचं पत्र्याचं झाकण, तिरका.

मोअर (गवत कापायचं मशीन) गेला त्याच दिशेनं सरळ पट्टे: डेक, टायर किंवा खत पसरताना झालेली चूक. पट्ट्यांची रुंदी मोजा. ती मोअरच्या डेकइतकी आहे की खत पसरवायच्या यंत्राच्या फेकीइतकी, यावरून दोन्हींतला फरक कळतो.

हातभर लांबीचे वेडेवाकडे डाग आणि खाली कुजकट वासाचा गवताचा थर असेल, तर ओल्यात कापून पडलेले गोळे.

छोटा, कडेला स्पष्ट आणि मधोमध पूर्ण मेलेला डाग: काहीतरी सांडलंय.

वाढत जाणारे गोल, किंवा हातानं ओढलं की गालिच्यासारखं उचलून येणारं गवत: हा आपल्या कापण्याचा दोष नाही. पण तिथवर पोचायच्या आधी बाकीचं तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून लगेच युरिया टाकू नका. युरियात ४६ टक्के नत्र असतं. आधीच जखमी झालेल्या गवतावर, कोरड्या जमिनीत तो टाकला की जे आठवड्यात सावरलं असतं तेही जातं. मी हे केलेलं आहे. तो चौकोन शेवटी खणून नवं गवत लावून द्यावा लागला, अर्थात माझ्या खर्चानं.

पात्याचं टोक बघा

हे तपासायला एक मिनिट लागतं आणि काहीच खर्च येत नाही. गुडघ्यावर बसा, पाच-सहा पाती तोडा आणि टोकं नीट बघा. कापणी स्वच्छ झाली असेल तर टोक सरळ, एका रेषेत असतं. ब्लेड बोथट असेल तर टोक पिंजलेलं दिसतं. जुन्या दोरीचं टोक उसवावं तसे पांढरे धागे लोंबत असतात. तेच धागे एक-दोन दिवसांत वाळतात आणि तपकिरी होतात. एका पात्यावर ते दोन-तीन मिलिमीटरच असतं, पण लॉनवर अशी लाखो टोकं असतात. म्हणून सगळं लॉन भाजल्यासारखं दिसतं, आणि म्हणूनच फोन त्याच दिवशी न येता तिसऱ्या दिवशी येतो.

असं का होतं ते समजून घेतलं की ब्लेडकडे दुर्लक्ष होत नाही. लॉन मोअरचं पहिलं पेटंट १८३० सालचं, एडविन बडिंग या इंग्रज माणसाचं. कापडावरचे वर आलेले तंतू छाटणारं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं होतं. त्याच्या यंत्रात फिरती पाती खालच्या स्थिर पात्याला लागून जायची, म्हणजे कात्रीच. आजही सिलिंडर मोअर तसाच कापतो. आपण धंद्यात वापरतो तो रोटरी मोअर मात्र कात्री नाही. त्यात खालून गवताला धरायला काही नसतं. आडवं पातं नुसत्या वेगाच्या जोरावर गवत उडवतं. ५३ सेंटिमीटरचं ब्लेड मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगानं जातं. धार असेल तर या वेगात ते कापतं. धार नसेल तर तोच वेग गवताला चाबकासारखा फटकारतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पेट्रोल वाचवायला कुणी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग, कमी ठेवून कापत असेल तर धारदार ब्लेडही फाडतंच. मोअर पूर्ण वेगावर चालवायचा आणि गवत दाट असेल तर चालण्याचा वेग कमी करायचा. माझ्या टोळीत एक जण प्रामाणिकपणे माझं इंधन वाचवत होता. त्याच्या वाटणीच्या लॉनचीच तक्रार का येते, हे त्याच्याबरोबर एक पूर्ण दिवस काढल्यावर कळलं.

धार कधी लावायची? घरगुती मोअरसाठी हंगामात दोन-तीनदा पुरे. धंद्यात हे गणित चालत नाही. मी प्रत्यक्ष कापणीच्या ८ ते १० तासांनंतर ब्लेड बदलतोच, आणि वाळूची किंवा खडेवाली जागा असेल तर त्याआधी. "बदलतो" हा शब्द मुद्दाम वापरलाय. प्रत्येक मशीनला ब्लेडचे दोन जोड ठेवा, एक मशीनवर आणि एक धार लावून गाडीत. कामाच्या मध्यावर धार लावायला कुणालाच वेळ नसतो, पण ब्लेड बदलायला दहा मिनिटं निघतात. धंदा वाढवताना मी केलेल्या खरेद्यांत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त फोन वाचवणारी खरेदी हीच.

धार लावताना हे सांभाळा:

- आधी स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी बाहेर. नुसतं इंजिन बंद असणं पुरेसं नाही. हातानं ब्लेड फिरवलं तरी इंजिन एखादा ठोका मारू शकतं.
- मशीन आडवं करायचं असेल तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं.
- मूळचा कोन सोडू नका. वस्तऱ्यासारखी पातळ धार पहिल्या खड्यावर दुमडते.
- ग्राइंडरवर ब्लेड निळं पडू देऊ नका. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. तिथली धार परत टिकत नाही.
- शेवटी भिंतीत खिळा मारून ब्लेड मधल्या भोकातून आडवं अडकवा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं आणखी घासा. तोल गेलेलं ब्लेड थरथरत फिरतं आणि स्पिंडलचे, म्हणजे ते ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग खातं.

ब्लेड उलटं तर बसवलेलं नाही ना, हेही बघा. हसू नका. नवीन मुलानं घाईत बदललेलं ब्लेड उलटं बसलं आणि त्यानं सकाळपासून चार लॉन तसेच कापले, हे माझ्याकडे झालंय. ब्लेडच्या टोकाशी वर वळलेला जो पंखा असतो तो डेकच्या बाजूला, म्हणजे वर, असायला हवा. तोच हवा ओढून गवत उभं करतो. उलटं बसलं की गवत दाबलं जातं आणि धारेची बोथट बाजू पुढे येते.

दोष ब्लेडचाच निघाला तर ग्राहकाला सरळ सांगा. गवताच्या बुडख्याला काही झालेलं नसतं. धारदार ब्लेडनं पुढची कापणी झाली की ती झाक बहुतेक जाते. ती कापणी फुकट करून द्या. इथे दोन तास गेले तरी परवडतात. कारणं सांगत बसलात तर ग्राहक जातो, आणि शेजाऱ्यालाही सांगून जातो.

पट्टी आणि तारीख

टोकं स्वच्छ असूनही लॉन पिवळं असेल तर किती कापलं ते बघायचं. लागते फक्त मोजपट्टी आणि आपली वही.

नियम जुना आहे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. ६ सेंटिमीटरवर राखायचं लॉन ९ झालं की कापायचं. १२ होईपर्यंत थांबून ६ वर आणलंत तर अर्धं पान गेलं. गवताचा हिरवा भाग वरच असतो. खाली सावलीत वाढलेले फिकट देठ असतात. वरचं छप्पर एकदम उडवलं की ते देठ उघडे पडतात आणि उन्हात भाजतात. नुकसान दिसतं त्यापेक्षा जास्त असतं. निम्म्याहून जास्त पान एका वेळी गेलं की मुळांची वाढच काही काळ थांबते, म्हणजे पाणी ओढायची ताकद नेमकी गरज असते तेव्हाच कमी होते.

गवताची जात बघून उंची ठरवा. हरळीच्या कुळातलं, जमिनीवर आडवं पसरणारं बर्म्युडा आणि झॉयशिया २.५ ते ५ सेंटिमीटरवर खुशीत राहतं. टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ६ ते ९ वर ठेवावं. रुंद पानाच्या सेंट ऑगस्टीनला ६ ते १० लागतं. टोळीतल्या माणसाला हे तोंडी सांगून भागत नाही. एक लॉन हरळीचं आणि लगेच पुढचं फेस्क्यूचं असेल तर उंची ठरवायचा लिव्हर तिथेच राहतो आणि दुसऱ्या लॉनची हजामत होते. मी प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे उंची लिहून ठेवतो, आणि गाडीतून मशीन उतरवायच्या आधी ती मोठ्यानं वाचायची असा दंडक आहे. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

लिव्हरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ३ म्हणजे तीन सेंटिमीटर नव्हे, तो फक्त तिसरा खाचा. मशीन सपाट फरशीवर ठेवा, प्लगची टोपी काढा आणि फरशीपासून ब्लेडच्या धारेपर्यंत मोजा. डाव्या-उजव्या बाजूला माप सारखं यायला हवं. पुढची बाजू मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असलेली चालते, किंबहुना तशीच असावी, म्हणजे तेच गवत मागच्या बाजूनं पुन्हा फाडलं जात नाही. डावं-उजवं वेगळं येत असेल तर डेकला हात लावायच्या आधी चारही टायरमधली हवा बघा. एका टायरमध्ये हवा कमी म्हणजे डेक तिरका, आणि डेक तिरका म्हणजे एका बाजूनं पट्टा. मी एकदा डेकचे सगळे बोल्ट सोडून अर्धा दिवस घालवला होता. शेवटी पंपानं काम झालं.

उंचवट्यांवरच चट्टे असतील तर मशीन बरोबर आहे, जमीन उंचसखल आहे. तेवढ्या लॉनला एक खाचा वर घ्या आणि दर वेळी कापायची दिशा बदला.

आता या सगळ्याचं मूळ, जे मोजपट्टीनं सापडत नाही. उंचीचा नियम बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे मोडतो. दोन दिवस पाऊस लागला, दोन दिवसांची कामं पुढे ढकलली, ती पुढच्या दिवसांवर चढली, आणि दहाव्या दिवशी आपण ज्या लॉनवर पोचतो ते गुडघ्याला लागायला आलेलं असतं. ग्राहक म्हणतो, "आता आलात तर बारीकच करा." आपणही उशिराची भरपाई म्हणून बारीक करतो. तिसऱ्या दिवशी फोन.

मी वेळापत्रक काठोकाठ भरून नवीन ग्राहक घेत गेलो त्या हंगामात हे फोन थांबेचनात. आता आठवड्यात अर्धा दिवस मुद्दाम रिकामा ठेवतो. पाऊस आला तर तो उशीर भरून काढायला, नाही आला तर धार लावायला आणि मशीन धुवायला. तो अर्धा दिवस विकायचा मोह होतो, आणि नवीन माणसाला तर फारच होतो. पण तो विकला की पुढच्या महिन्यात फुकटच्या फेऱ्यांमध्ये परत द्यावा लागतो.

वाढलेलं लॉन दोनदा कापायचं. पहिल्यांदा फक्त वरचा तिसरा हिस्सा, मग तीन-चार दिवसांनी ठरलेल्या उंचीवर. दुसऱ्या फेरीचे पैसे घ्यायचे का? उशीर आपला असेल तर नाही. ग्राहकानं दोन पाळ्या चुकवून बोलावलं असेल तर हो, आणि ते सुरुवातीच्या करारातच लिहिलेलं असावं. जागेवर उभं राहून ही गोष्ट पटवता येत नाही.

"जरा बारीक कापा म्हणजे महिन्यातून एक फेरी वाचेल" असं म्हणणारा ग्राहक प्रत्येकाला भेटतो. त्याला नाही म्हणायला शिका. बारीक कापलेल्या लॉनमध्ये ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तण उगवतं, पाणी लवकर उडतं. आणि ते लॉन बिघडलं की तो "मीच सांगितलं होतं" असं कधीच म्हणत नाही.

ओलं गवत, गोळे, सांडलेलं

हे चटकन बघून होतं.

कापलेलं गवत लॉनवर सोडणं चांगलंच असतं. त्यात बहुतेक पाणी असतं, लवकर कुजतं आणि वजनाच्या मानानं बरंच नत्र परत देतं. त्यामुळे वाळक्या काड्यांचा थर वाढतो हा समज चुकीचा आहे. पण हे बारीक पसरलेल्या गवताला लागू. ओल्यात कापलं की डेकखाली लगदा साठतो आणि ठिकठिकाणी गोळे पडतात. गोळ्याखालचं गवत दोन-तीन दिवसांत गुदमरून पिवळं होतं. दंताळ्यानं गोळे पसरा, खाली बुडखा पांढरा आणि टणक असेल तर ते परत येईल. डेक उलटा करून खरवडायलाही विसरू नका. लगद्यानं भरलेल्या डेकमध्ये हवा खेळत नाही, गवत उभं राहत नाही आणि नवीन धारेचाही उपयोग होत नाही.

सांडलेल्यात पेट्रोल सगळ्यांत वाईट. डाग काही तासांत मरतो आणि तिथलं गवत परत येत नाही. माती काढून नवी भरावी लागते. म्हणून टाकी लॉनवर भरायचीच नाही. पक्क्या जागेवर, इंजिन गार झाल्यावर. कुत्र्याच्या मुताचा डाग ओळखायला सोपा, मध्ये मेलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं. हा डाग आपला नाही, पण ग्राहकाला सांगताना आधी कडं दाखवा आणि मग कुत्र्याचं नाव घ्या. खताचे पट्टे असतील तर भरपूर पाणी देऊन खत खाली धुवून काढा. जितकं लवकर, तितकं वाचेल.

पाणी

इथवर काही सापडलं नाही, तर आता ग्राहकाची बाजू तपासायची. लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत परत उभं राहिलं नाही आणि रंगात निळसर-करडी छटा असेल, तर तहान आहे. मग १५ सेंटिमीटरचा स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबा. हिरव्या भागात सहज आणि पिवळ्या भागात दोन बोटांवर अडकत असेल, तर तिथे पाणी पोचत नाही किंवा जमीन दडपून घट्ट झालीय. एकाच वाटेनं दर आठवड्याला मोअर नेला तरी जमीन घट्ट होते, हे लक्षात असू द्या.

स्प्रिंकलर असेल तर सहा-सात सरळ कडेचे डबे लॉनवर ठेवा, १५ मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीनं मोजा. एका डब्यात १० मिलिमीटर आणि दुसऱ्यात ३ आलं, तर पुढे काही शोधायची गरज नाही. तुंबलेला नोझल उघडून साफ करणं आपल्या हातचं आहे. वाढीच्या काळात लॉनला आठवड्याला साधारण २.५ सेंटिमीटर पाणी लागतं, पावसाचं धरून, आणि ते रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीनदा खोलवर दिलेलं चांगलं. वेळ पहाटेची. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेच हवं असतं.

मोअरच्या चाकाखाली मोडलेलं स्प्रिंकलरचं डोकं सापडलं तर निमूटपणे मान्य करून बदलून द्या.

ओढून बघा

पिवळ्या भागाच्या कडेला, जिथे हिरवं संपून पिवळं सुरू होतं, तिथे मूठभर गवत धरून ओढा. मुळं न अडकता गालिचा गुंडाळावा तसं उचललं गेलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आहे. ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन खणा आणि पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या मोजा. दोन-तीन अळ्या निरोगी लॉन सोसतं. पाच ते दहा किंवा जास्त असतील तर उपाय करावा लागतो. पानं कुरतडलेली दिसली पण जमिनीत काही नसेल, तर आठ लिटर पाण्यात भांडी धुवायचा दोन मोठे चमचे साबण मिसळून चौरस मीटरभर जागेवर ओता. लपलेल्या अळ्या पाच-दहा मिनिटांत वर येतात.

बुरशीसाठी पहाटे जावं लागतं. दव असताना वाढत्या गोलाच्या कडेला धुरकट कडं दिसतं, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बुटांना नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. तो दिसतो भयंकर, पण बहुतेक वेळा भुकेल्या, हळू वाढणाऱ्या गवतावर येतो आणि वाढ सुरू झाली की मागे पडतो. बुरशीचा संशय जरी आला तरी ते लॉन दिवसाच्या शेवटी घ्या, आणि पुढच्या घरी जाण्याआधी डेक आणि बूट धुवा. एका लॉनचं दुखणं आपणच दारोदार पोचवू नये.

इथे थांबा

खालच्या कुठल्याही ठिकाणी स्वतः प्रयोग करू नका.

दगडावर किंवा मुळावर आदळल्यानंतर मशीन थरथरतंय आणि नवीन, तोललेलं ब्लेड लावूनही थरथर जात नाही. शाफ्ट वाकलाय. मशीन त्याच क्षणी बंद करा आणि मेकॅनिककडे द्या. ब्लेडला चीर दिसली तर ते टाका. ब्लेड वेल्डिंग करून कधीच वापरायचं नाही. ३०० किलोमीटर वेगानं सुटलेला तुकडा कुणाच्या पायात जाईल सांगता येत नाही.

पिवळ्या डागाजवळ गॅसचा वास येतोय. मोअर सुरू करू नका, माणसं दूर न्या आणि गॅस पुरवठ्याच्या आपत्कालीन नंबरवर कळवा. जमिनीखालची नळी गळत असेल तर वरचं गवत असंच मरतं.

पाण्याचा दाब सगळ्याच नोझलला कमी आहे, किंवा न पाणी देता एक जागा कायम ओली आहे. नळी जमिनीत फुटलीय. प्लंबरला बोलवा, कुदळ घेऊन शोधत बसू नका.

कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक मारायची वेळ आली. अनेक देशांत दुसऱ्याच्या जागेत पैसे घेऊन फवारणी करायला परवाना लागतो. तो नसेल तर परवानाधारकाला काम द्या, मग भले त्यात आपलं कमिशन नसो. चुकीच्या औषधानं मेलेलं लॉन, शेजाऱ्याची वाळलेली बाग आणि विमा कंपनीचा नकार, हे तिन्ही एकदमच येतात.

नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि हे सगळ्या लॉनवर, आठवडेच्या आठवडे. हे बहुधा लोहाच्या कमतरतेचं लक्षण. अनेकदा जमिनीत लोह असतंच, पण सामू (मातीचा pH) जास्त असल्यानं मुळांना उचलता येत नाही. माती तपासल्याशिवाय काहीही टाकू नका. लॉनला साधारण ६ ते ७ सामू मानवतो.

आणि शेवटचं, वर सांगितलेलं सगळं करून झालं, दोन आठवडे गेले आणि डाग वाढतोच आहे. डागातल्या गवताचा बुडखा फाडून बघा. पांढरा असेल तर वेळ आहे. तपकिरी आणि ठिसूळ असेल तर ती जागा गेली आणि आता उरलेली वाचवायची आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

मातीचा नमुना एका जागेचा नको. लॉनभर दहा-पंधरा ठिकाणची ७ ते १० सेंटिमीटर खोलीची माती एकत्र मिसळून त्यातली ओंजळभर द्या. रोगासाठी मात्र डागाच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा पिवळा, मातीसकट उचललेला तुकडा लागतो. पूर्ण मेलेल्या गवतात तज्ज्ञाला काही सापडत नाही. तो कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवू नका, नाहीतर वाटेतच भलती बुरशी धरते. सोबत वहीतलं पान जोडा: शेवटची कापणी कधी, किती उंचीवरून किती वर, ओलं होतं की कोरडं, कुठलं मशीन, ब्लेडचे तास किती, खत-औषध काय आणि कधी. आणि आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा. शुक्रवारी पाठवलेला तुकडा दोन दिवस कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो आणि सोमवारी उघडला की त्यातून फक्त लगदा निघतो.